काठी तुम्हीच ठेवा

नाही नाही, काठी मी नाही ठेवणार, साहेब, तुम्हीच ठेवा — ती पिवळी, हां, बुटांच्या पुढ्यात, बॉलपासून झेंड्याकडे जाणाऱ्या रेषेला समांतर, म्हणजे पाय तिच्याप्रमाणे लागतील. गोल्फ शिकवणारा मी असलो तरी काठी ज्याची त्याने ठेवायची, माझ्याकडे असंच चालतं. आता मागे जाऊन वाकून बघा. बाजूने नको, बाजूने सगळ्या काठ्या सरळच दिसतात. झाली? मारा आता. — हं. आधी जमीन, मग बॉल. मॅट आहे म्हणून, गवतावर असता तर पावभर माती उडाली असती. आणि मनगट चोळू नका, मनगटाने काही केलेलं नाही. सगळे मनगटालाच दोष देतात. खोट उभं राहण्यात आहे. बॉल एक बॉलभर मागे घ्या, वजन डाव्या पायावर, हात बॉलच्या किंचित पुढे. मारा. — ऐकलंत? खडा फुटल्यासारखा आवाज. हाच पाहिजे.

तुम्हाला बाहेरच्या टॅक्सीवाल्याने पाठवलं ना? ओळखलं मी. थोरला भाऊ माझा, सख्खा. 'धाकट्याकडे जा, तो उभं राहायला शिकवतो' — असंच म्हणाला ना? पाठवू नको म्हटलं तरी पाठवतो. मारत राहा तुम्ही, मी बोलतोय म्हणून थांबू नका. दादा माझ्यापेक्षा चांगला मारायचा — चांगला कसला, आमची तुलनाच नव्हती. वडील इथे गवत कापायचे. दादा मारायला उभा राहिला की ते मशीन बंद करायचे, नुसता आवाज ऐकायला. माझ्या वेळी? माझ्या वेळी मशीन चालूच. मी सातवीतून शाळा सोडली, तो दहावीपर्यंत गेला, आणि शेवटी दोघंही इथेच बॉल वेचायला. मग शिकवणाऱ्याची एक जागा निघाली. एकच. तीस बॉल, एक झेंडा, परीक्षेत काठी चालणार नाही. आम्ही सात जण होतो, पण जागा कोणाची हे कुत्र्यालाही माहीत होतं.

तीन आठवडे दादाने सराव केला, आणि काठी ठेवायला मी. 'ठेव रे, सातवी!' — सातवी म्हणजे मी. सगळ्यांसमोर. लोक हसायचे, मीपण हसायचो, काय करणार? पहिल्या दिवशी काठी चार बोटं उजवीकडे गेली. चुकून, साहेब, खरंच चुकून. पाय काठीप्रमाणे उजवीकडे, झेंडा मात्र समोर — मग अंग आपोआप बॉल डावीकडे ओढायला शिकतं. बॉल जातात झेंड्याकडेच, म्हणून मारणाऱ्याला काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. त्याच्या नाही. ते फक्त मागून दिसतं, आणि मागे मी उभा होतो.

काय? मग सरळ का नाही केली? — करणारच होतो. रोज करणार होतो. मनात म्हणायचो, आज त्याने एकदा नावाने हाक मारू दे, लगेच सरळ करतो. एकदाच. तेवढं काय जड होतं त्याला? तो यायचा, 'ठेव रे, सातवी', की मी ठेवायचो. एकवीस दिवस. आणि रोज तेवढीच तिरकी यावी म्हणून मॅटवर खडूने — राहू द्या. मारा तुम्ही. का थांबलात?

परीक्षेला काठी नव्हती. दादा सरळ उभा राहिला, वडिलांनी शिकवलं तसा, आणि तिसातले सत्तावीस बॉल डावीकडच्या जाळीत. आवाज मात्र तोच हो, एकेक बॉल खणखणीत. वडिलांनी मशीन बंद केलं होतं, ते नंतर कितीतरी वेळ सुरूच केलं नाही. मी आपले माझे तीस मारले. बेताचेच, पण सरळ. संध्याकाळी दादाने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, 'मनगटाला काय झालं कुणास ठाऊक.' नऊ वर्षं झाली, क्लबच्या दांडीला हात लावला नाही त्याने. अजून मनगट चोळतो, गाडीत बसल्या बसल्या. बघा तुम्ही, दिसेल. आणि आता मला नावाने हाक मारतो. लोकांसमोर. अभिमानाने.

हॉर्न ऐकलात? तोच. तुम्हाला न्यायला आलाय. वीस मिनिटांचा रस्ता आहे आणि त्याला गप्पा लागतात. विचारेल, माझ्या भावाने काय शिकवलं? सांगा, बॉल मागे घ्यायला सांगितला. वजन डाव्या पायावर. एवढंच झालंय आपलं इथे. एवढंच ना, साहेब? — असे बघू नका माझ्याकडे. काठी उचलू नका, राहू द्या तिथेच. जा. थांबलाय तो.