अंगठ्याने मारलेला राक्षस

विरारला हाडांच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारी एक तरुण जोडपं होतं. नवऱ्याचा उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला.

“क्षितिजा, डॉक्टरांना व्हिडिओ गेमचं सांगू नकोस हं.”

“मग काय सांगू? अर्नाळ्याचा किल्ला लढवून आलास?”

“अगं, आपण हात फिरवला की पडद्यावरची तलवार फिरते. खरंच लढल्यासारखं वाटतं.”

“वाटलं ना! शोकेसच्या काचेलाही वाटलं.”

“नुसती बटनं दाबून काय, कोणीही खेळतं. त्यात थरार कुठाय?”

“थरार तुझ्या खांद्यात शिरलाय की. राक्षस मात्र ठणठणीत होता.”

“होता म्हणजे?”

“काल दुपारी मेला.”

“तू मारलास? मला न सांगता?”

“एका हाताने तुझा खांदा शेकत होते, दुसरा रिकामाच होता. अंगठ्याने बटनं दाबली, मेला.”

“महिनाभर लढत होतो गं मी!”

“माहितीये सगळ्या सोसायटीला. खालचे काका विचारून गेले, नवीन लाद्या बसवताय का म्हणून.”

त्याने डाव्या हाताने गळ्यातला पट्टा सारखा केला.

“मरताना मोठ्याने ओरडला का गं?”

“काय माहीत. आवाज बंद केला होता. तुझा नुकताच डोळा लागला होता.”