शिरजोर हात

माहेर माझं काटोलकडचं. बाबा संत्र्याच्या बागेत तोडणीले जायचे, अन् आमच्या घरी कोणी कोणाले संत्रं सोलून देत नव्हतं. ज्याच्या हाती पडलं त्यानं सोलायचं, डोळ्यात रस उडाला तर चोळायचं अन् खायचं. आता तूच सांग वं, अशा घरची पोरगी मी, मले नागपुरात येऊन सगळ्यांले सोलून भरवायचं खूळ कुठून लागलं?

लग्न होऊन आली तवा मी मॅट्रिक होती, म्हणून बस्तीतल्या विहारात बालवाडी निघाली तर मलेच बाई केलं. काय तोरा होता माझा, काय सांगू तुले. खांद्याले पिन लावलेली कडक साडी, चाल अशी की जणू कलेक्टरीणच चालून राहिली. माझ्या बालवाडीत पोरगं रडत नव्हतं, भात सांडत नव्हता. सांडन कसा, सगळं मीच करून राहिली होती. चपलांचे पट्टे मीच लावायची, हात धरून अक्षर मीच गिरवायची, मोराले रंगही मीच भरायची. संत्र्याच्या दिवसात पोरं रांगेनं उभी राहायची, मी सोलून, धागे काढून, बी काढून एकेकाच्या तोंडात फोड घालायची. पाहुणे म्हणायचे, बाई, पोरं किती शांत बसतात तुमची. मी पदर सावरायची. बसतील नाही तर काय, त्यांच्या हाताले कामच ठेवलं नव्हतं मी.

घरी तर विचारूच नको. माझा पोरगा प्रवीण आता बुटीबोरीच्या कारखान्यात मोठमोठ्या मशिनी चालवते, पण घरी संत्रं आलं का माझ्यापुढे धरते. चाळिशीचा माणूस. मले त्याचं कौतुकच वाटे.

यंदाच्या हिवाळ्यात ते कौतुक उतरलं. आम्ही आता राहतो नागपूरच्या कडेले, बेसा भागात. सून शीतल तिकडं सदर भागातल्या ऑफिसात जाते, शाळा सुटली का नात ओवी माझ्यापाशी. तिच्या केजीच्या बाईनं शीतलले बोलावलं, मी पण गेली मिरवत. बाई म्हणे, ओवी हुशार आहे, पण डबा उघडत नाही. झाकण घट्ट असलं का तशीच उपाशी बसते. रंग पुढे ठेवले तर हात मांडीवर ठेवते, म्हणते, आजी करून देते. मी तिथं लेकरांच्या बुटक्या खुर्चीवर बसली होती, मले वाटे खुर्चीसकट जमिनीत जावं. डबा भरलेला परत यायचा अन् मी म्हणायची, भूक नसन लेकराले, आणि मग मीच भरवायची.

घरी आल्यावर शीतल हळूच म्हणाली, आई, राग नका मानू, ओवीले दुपारी पाळणाघरात ठेवू का. राग कशाचा येते वं, खरंच होतं तिचं. मी म्हटलं, संत्र्याचा हंगाम सरेपर्यंत तिले माझ्यापाशी राहू दे. तर म्हणे, राहू देते, पण आई, तुमचे हात राहतील का गप?

नव्हते राहत. खरं सांगते, बुडाखाली दाबून बसली मी ते. ओवीनं संत्रं पुढं केलं, मी म्हटलं, तू सोल, मी इथंच आहे. रडली, फेकलं, ते सोफ्याखाली गेलं. मी उठलीच होती, परत बसली. तीच गेली रांगत. नखानं टोकरलं, रस डोळ्यात उडाला, डोळा चोळला. अर्धं संत्रं फरशीवर सांडलं, अन् एक चुरगळलेली फोड तिनं मले दिली, बियांसकट. मी बियाही गिळल्या. काहून का थुकाले उठली असती तर तिले वाटलं असतं, आपलं चुकलं.

आता डबा रिकामा येते. शीतलनं पाळणाघराचं नाव पुन्हा काढलं नाही. पण बालवाडीतली ती पोरं आता बापे झाली, रस्त्यात भेटतात, जयभीम बाई म्हणतात, तुमच्यासारखं लाडानं कोणी खाऊ घातलं नाही म्हणतात, अन् मले वर पाहवत नाही. त्यांच्यापाशी बुडाखाली हात दाबून बसायचं मले तवा सुचलं नाही.

परवा प्रवीणनं सवयीनं संत्रं माझ्यापुढे धरलं. माझे हात निघालेच होते. ओवी म्हणाली, बाबा, आजीले नका देऊ, तुम्ही सोला, मी इथंच आहे.

तो बसला सोलत. पहिल्याच फटक्यात डोळ्यात रस गेला, आई गं म्हणून माझ्याकडे पाहून राहिला. मी उठली नाही. चोळन बापडा अन् खाईल.