कसलं गोल?

डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी औषधाचं रिकामं खोकं उलगडून चपटं करायची, पुन्हा उभं करायची.

"ठेव ना ते खाली. किती चाळे!"

"ताई, आज दुसरीच्या वर्गात हेच शिकवलं. खोकं, डबा, चेंडू, सगळं पोरांच्या हातात दिलं. तरी पोरांना चेंडूही गोल आणि फळ्यावरचं वर्तुळही गोलच."

"मग? गोलच की."

"अगं, वर्तुळ फडक्यानं पुसलं की गेलं. चेंडू जागा अडवून बसतो."

"बरं बाई. आपला नंबर कितवा?"

"सातवा. शेवटी एक चिमुरडी मलाच म्हणते, 'बाई, नुसतं गोल म्हणू नका. कसलं गोल ते सांगा.'"

"भलतीच आगाऊ!"

"परवा माझा एक्स-रे बघून डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय?"

"छातीत काहीतरी गोल दिसतंय म्हणाले."

"हं."

"मग तू विचारलं नाहीस? तू तर दिवसभर तेच शिकवतेस!"

"तोंडच उघडलं नाही गं."

"सात नंबर, आत या!"

"चल, ऊठ."

"ताई, तू विचारशील?"