येसूबाईच्या घरातले दोन डबे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख डॉक्टर माईणकरसाहेब, पुण्याहून सकाळच्या गाडीने मुद्दाम आलेले पाहुणे, केंद्रातले माझे सहकारी, आणि ऐन भातकापणीत विळे खाली ठेवून कामशेतपासून लोहगडवाडीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शाल झाली, श्रीफळ झालं, हार तर इतके घातलेत की समोरचं नीट दिसेना. (माईक जरा खाली घ्या हो. मी कंपाउंडर आहे, पुढारी नाही. टाचा उंचावून बोलायची सवय नाही मला.) बावीस वर्षं कपाटामागे उभा राहून पुड्या बांधणाऱ्या माणसाला एकदम खुर्चीवर बसवलंत, त्याच्याबद्दल एवढं चांगलं बोललात. मघापासून मी शेजारी पाहत होतो, हौशीराम वाळुंज नावाचा दुसरा कोणी सत्कारमूर्ती येऊन बसलाय की काय!

अध्यक्षांनी माझे दोन गुण सांगितले. एक म्हणजे, वाळुंजांच्या पोटातली गोष्ट कधी ओठावर आली नाही. दुसरा, वाळुंजांच्या वाटपातून एकही घर कधी गळलं नाही. दोन्ही खरं आहे, अध्यक्ष महोदय. आणि आज मला बोलायचंय ते त्याच दोन गुणांबद्दल. माईणकरसाहेब, तुम्हाला मी आधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला प्रेमाने समजावलं असतंत आणि मी गप्प बसलो असतो. गप्प बसायला मला फार समजवावं लागत नाही.

पाहुण्यांसाठी आमच्या कामाची रीत थोडक्यात सांगतो. या केंद्रात छातीचे डॉक्टर होते, डोळ्यांचे होते, कातडीचे होते, बाळंतिणींच्या अंगात रक्त का भरत नाही ते शोधणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, कपाट एकच, आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. एखादं औषध खरंच गुण देतं का, हे कसं कळायचं? तर निम्म्या लोकांना औषधाची गोळी द्यायची आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत काहीच नसलेली. आम्ही तिला आपसात खडूची गोळी म्हणायचो. कुणाला कुठली, हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरालाही नसतं. डॉक्टरला कळलं की त्याची नजर नकळत फसते, म्हणून. क्रमांकांची यादी फक्त डबे भरणाऱ्याकडे. म्हणजे माझ्याकडे.

वस्तीवरच्या माणसांना यातलं काय सांगितलं होतं? काही नाही. त्या काळी सांगायची पद्धत नव्हती. आमच्या डॉक्टरांबद्दल वाकडं बोलण्यासाठी मी हे म्हणत नाही. ते भले लोक होते, आणि वर्ष पुरं होऊन यादी उघडल्यावर खडूच्या गोळीवाल्या प्रत्येक मुलाला त्यांनी खरं औषध सुरू करून दिलं. जी मुलं उरली होती, त्यांना.

सन त्रेसष्ट. ज्या घरात क्षयाचा रोगी आहे, त्या घरातल्या लहान मुलांना रोग होऊ नये म्हणून वर्षभर रोज एक गोळी द्यायची, असा प्रयोग सुरू झाला. दर पंधरवड्याला मी डबे घेऊन वस्त्यांवर जायचो, उरलेल्या गोळ्या मोजायचो, नव्या द्यायचो. लोहगडाच्या पायथ्याला, वाडीच्याही वर, कारवीच्या कुडांची सात घरं होती. तिथे गेणू राहायचा. त्याला क्षय झाला होता, त्याची सुई आणि औषधं वेगळी चालू होती. त्याची बायको येसूबाई, मोलमजुरी करून घर ओढायची. मुलं दोन. शिदू सहा वर्षांचा, हिरा आठ वर्षांची. हिरा मला लांबून पाहिलं की ओरडायची, "आये, गोळीवाला भाऊ आला!" दोघांचे दोन डबे. शिदूच्या डब्यात औषध होतं. हिराच्या डब्यात नव्हतं.

आषाढातली गोष्ट. मी गेलो तर दोन्ही डबे पालथे घालून ठेवलेले. विचारलं, गोळ्या कुठायत? येसूबाईने चुलीवर टांगलेला वाळका भोपळा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "डब्यात दमट व्हत्यात वो भाऊ, चिकटून बसत्यात. हितं धुरावर कोरड्या ऱ्हात्यात."

मी म्हटलं, "अगं, पण दोघांच्या एकात?"

तर हसली. "म्हंजी काय झालं? एका पोटची हाईत. आमच्यात घरात आलेलं वेगळं न्हाई ठेवत. एका ताटात जेवत्यात, एका भोपळ्यातलं खात्यात."

त्या वस्तीवर खरंच तसं होतं. शेजारच्या घरी ससा मिळाला तरी त्याचे सात वाटे व्हायचे. पंधरवडाभर ती डोळे झाकून भोपळ्यात हात घालत होती आणि हाताला येईल ती गोळी ज्याच्या त्याच्या तोंडात टाकत होती. म्हणजे पंधरवडाभर हिराच्या पोटात निम्मं का होईना, औषध जात होतं.

आता नियम काय होता? डबे एकत्र झाले, तर ते घर प्रयोगातून वगळायचं, तसं डॉक्टरांना कळवायचं. वगळलेल्या मुलांचं पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवणार होते. कदाचित दोघांनाही खरं औषध मिळालं असतं. पण अध्यक्ष महोदय, तोवर माझ्या वाटपातून एकही घर गळलं नव्हतं! वडगावच्या बाजूच्या कंपाउंडरची अकरा घरं गळली होती आणि मी त्याला चारचौघांत हसलो होतो. मी घर वगळलं नाही.

मी काय केलं? घोंगडीवर बसलो, भोपळा पालथा केला आणि गोळ्या निवडायला लागलो. खडूची गोळी नखाला जरा भुसभुशीत लागायची. ते फक्त मला माहीत होतं. एकेक गोळी नखाने चाचपायची आणि बाजूला टाकायची. औषधाच्या शिदूच्या डब्यात, खडूच्या हिराच्या डब्यात. येसूबाई समोर बसून बघत होती. हिरा माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती, तिला वाटलं मी मोजतोय, म्हणून तीही मोजत होती. तिला विसापर्यंतच यायचं. वीस झाले की पुन्हा एकपासून.

येसूबाईने विचारलं, "भाऊ, दोन्ही डब्यांत औषिद हाय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

एवढ्यावर थांबलो नाही. हिराच्या डब्याला तांबडा दोरा बांधला. येसूबाईला बजावलं, पुन्हा मिसळशील तर याद राख, ज्याचं त्याला गेलं पाहिजे. आणि ती बाई माझ्या शब्दाला जागली. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याला गोळ्यांचा हिशेब बरोबर. फक्त एकदा हिराच्या डब्यात एक गोळी जास्त निघाली. येसूबाई खालच्या गावी लावणीला गेली होती, यायला उशीर झाला, पोर झोपून गेली होती. ती मला म्हणाली, "चुकली वो भाऊ माजी एक." मी वहीत लिहून घेतलं. वर तोंडही वाकडं केलं.

भाद्रपदात हिराचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. मग मान ताठ झाली. गेणूच्या भावकीने डोलीत घालून तिला खाली आणलं, ओढे भरलेले होते, दीड दिवस त्यात गेला. क्षयाचा रोग मेंदूच्या आवरणात गेला होता. डॉक्टरांनी शर्थ केली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवव्या दिवशी पोर गेली.

अहवालात ती आहे. औषध घेणाऱ्या मुलांपैकी एक दगावलं, न घेणाऱ्यांपैकी नऊ. त्या नवांतली एक हिरा. त्या फरकामुळेच औषध गुणकारी ठरलं आणि आज मावळात क्षयाच्या घरातल्या प्रत्येक मुलाला ते मिळतं. किती मुलं वाचली असतील, मला मोजता येणार नाही. हेही खरंच आहे, आणि ते मी नाकारत नाही. माईणकरसाहेब, तुमच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. उद्या वस्तीवर कोणी गोळीला हात लावणार नाही, असं तुम्हाला वाटतं ना? मंडळी, म्हणून मोठ्याने सांगतो. आज जी गोळी मिळते ती सगळ्यांना एकच आणि खरी. तिची कुठलीही यादी नाही. मुलांना ती द्या. माझ्यावरचा राग औषधावर काढू नका.

पुढे कधीतरी मी एका डॉक्टरांना आडून विचारलं, की निम्मंच औषध पोटात गेलं असतं तर एखादं मूल वाचलं असतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. तेच उत्तर घेऊन अकरा वर्षं मी झोपतो आणि उठतो. तुम्ही म्हणाल, वाळुंज, तुम्ही नियमाने वागलात. नाही हो. नियम घर वगळायला सांगत होता. माझा जीव गुंतला होता तो माझ्या बढाईत. सहाशेचाळीस डबे मी भरले, त्यातले बाकीचे क्रमांकाने भरले. हा एक डबा मात्र मी, समोर पोर उभी असताना, हाताने निवडून खडूने भरला.

आज सकाळी येसूबाई माझ्याकडे आली. आता ती त्या मागच्या दाराशी बसली आहे, हिरव्या लुगड्यात. मला निरोप द्यायला पहाटे डोंगर उतरून आली. गेणू औषधाने बरा झाला, त्याचे उपकार ती अजून मानते. नव्या तांदळाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी चालला, म्हणून इचारते. त्या येका गोळीनं ग्येली का वो माजी हिरा? मी ल्हेट आले, त्या येका दिसाची?"

अकरा वर्षं! अकरा वर्षं ही बाई त्या एका गोळीचा विचार करते आहे. आणि मला याची कल्पना नव्हती असं कुठल्या तोंडाने म्हणू? ती चुकली म्हणाली तेव्हा वहीत लिहून घेणारा मीच होतो. दोनदा मी तिच्या घराकडे निघालो होतो, दोन्हीदा वाडीतून चहा पिऊन परत फिरलो. आज सकाळीही तिला म्हणालो, कार्यक्रमानंतर बोलू. पण मी मला ओळखतो. कार्यक्रमानंतर मी बोललो नसतो. म्हणून इथे, तुम्हा सगळ्यांच्या देखत, जिथून मला पळता येणार नाही.

केंद्राने मला भाकरी दिली, मान दिला, डॉक्टरमंडळींनी कधी मला नोकर म्हणून वागवलं नाही, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. ज्यांनी हा समारंभ मांडला, ज्यांनी हार ओवले, सतरंज्या घातल्या, त्या सगळ्यांना माझा नमस्कार. शुभप्रसंगी हे काय काढलं, असं कुणाला वाटलं असेल, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने ते पदरात घ्यावं. सभेकडे माझं एवढंच मागणं. टाळ्या मात्र वाजवू नका.

इतका वेळ मी पुस्तकी बोललो, ते तिला सगळं कळलं नसेल. दोन वाक्यं आमच्या बोलीत बोलतो आणि थांबतो.

येसूबाई, तुजी गोळी चुकली म्हणून हिरा न्हाई ग्येली. त्या गोळीत औषिदच न्हवतं. तिच्या डब्यातल्या येकाबी गोळीत न्हवतं, आन ते मला ठावं व्हतं. तू इचारलं तवा मी खोटं बोललो. तू एकात मिसळलं व्हतंस तेच बरं व्हतं, मीच वेगळं केलं. तुजी काय बी चूक न्हाई, येसूबाई. एकबी न्हाई.

तू उटू नगंस. मीच येतो तितं.