हार्ड डिस्क आणि आईचा फोटो

हार्ड डिस्कचं नाव काढू नका राव माझ्यासमोर. गेल्या रविवारी निगडीत घ्यायला गेलो होतो. घरचा लॅपटॉप अधूनमधून बंद पडायला लागलाय, म्हटलं फोटो तरी वाचवू. आई राजगुरुनगरहून आली होती, तिलाही सोबत नेलं.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, आधी डेटा किती आहे ते बघू, मग साइज ठरवू."

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. आईनं विचारलं, "ह्यात काय काय हाय रं?"

"सगळं घर आहे आई ह्यात."

"मग दाव की. मी कुठं हाय?"

मी शोधायला लागलो. पोरीचे वाढदिवस, गोवा, नवी गाडी, कंपनीची पार्टी. वास्तुशांतीच्या एका फोटोत कडेला आईचा नुसता हात दिसला, ताट धरलेला. मी फोटो पुढं सरकवत राहिलो आणि माझे कान तापत गेले. दुकानदार उगाचच काउंटर पुसायला लागला. शेवटी आईचा एकच फोटो सापडला. तिच्या आधार कार्डाच्या स्कॅनवरचा.

आई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. "चांगला आलाय की," म्हणाली.

मला मान वर करवेना. दुकानदारानं हळूच विचारलं, "मग भाऊ, लहान देऊ का मोठी?"

मी तोंड उघडायच्या आत आईच त्याला म्हणाली, "मोठी त्याला दे बाबा. माझं काय, ल्हानीत बी मावंल."