दोलोन घाटात ठरलेली सोयरीक

सन्माननीय अध्यक्ष कादिरबेकसाहेब, व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या शिक्षणाधिकारी सोनुनबाई, या शाळेतले सर्व गुरुजन, विद्यार्थी मित्रांनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका बुरुलचाबाई, म्हणजेच आमच्या सासूबाई!

बाईंच्या अध्यापनाबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं. मी कोच्कोरहून आलेला साधा जावई. मला रसायनशास्त्र येत नाही. मी बोलणार आहे ते गाडीबद्दल. अध्यक्षसाहेब, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. थोडक्यात आटोपतो.

बाईंच्या मुलीला, मेरिमला मागणी घालायला आम्ही याच नारिनला आलो होतो. मी, माझी आई आणि आमचे तोक्तोसून काका. काका आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे जपून बोलतो. गाडी काकांची, नवी कोरी, काळीभोर. आईच्या पिशवीत चांदीचे डूल. मुलीच्या कानांत घातले की सोयरीक पक्की.

जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं, त्यावर तळलेल्या बोर्सोकपुऱ्यांचा ढीग, चहा ओतलेला. आणि सासूबाई कुठे? अंगणात! ओणव्या होऊन काकांच्या गाडीखाली बघतायत.

आत आल्या त्या हात पुसतच. म्हणाल्या, "गाडीतून हिरवं पाणी ठिबकतंय. बॉनेट उघडा बरं जरा."

काका हसले. "बाई, वसंतात सर्व्हिसिंग झालंय. आता पुढच्या वसंतात. मधे गाडीला हात लावायचा नसतो."

"असं? मग दातसुद्धा वर्षातून एकदाच घासता का?"

आता सांगा, सभ्य स्त्री-पुरुषहो, मुलीच्या आईनं वरपक्षाला हे विचारावं? आईच्या हातातला बोर्सोक हातातच राहिला. मी छताकडे बघू लागलो. सासूबाई मात्र थांबेनात. "ऑइल कधी बघितलं? टायरमधली हवा? पुढे घाट आहे. याच गाडीतून माझी मुलगी न्यायचीय ना तुम्हाला?"

काका ताडकन उठले. "आम्ही मुलगी मागायला आलोय, गाडी विकायला नाही! चला रे! इथे सोयरीक नाही!"

झालं. डूल पिशवीतच, चहा पेल्यांतच. खिडकीत मेरिम उभी होती. तिच्याकडे मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू कोसळलं. काका म्हणाले, "नाक पूस. पोरी काय, छप्पन्न मिळतील." मला एकच हवी होती.

दोलोनचा चढ सुरू झाला आणि गाडीतला तापमानाचा काटा आमच्या आधी वर चढला. मग वाफ. काकांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नका!"

मागून धापा टाकत सासूबाईंची जुनीपुराणी गाडी आली होती. गाडी थांबते न थांबते तोच त्या खाली उतरल्या, धावत आल्या, आणि काकांच्या कोटाची मागची बाजू धरून त्यांना अस्सं खेचलं की काका माझ्या आईच्या पायाशी बसले. तेवढ्यात पाइप फुटला. उकळतं पाणी उसळलं ते नेमकं काकांचा चेहरा होता तिथे. त्यांची टोपी खेचाखेचीत इंजिनावर पडली होती. ती शिजली.

काका टोपीकडे बघत होते.

मग इंजिन गार होईपर्यंत काय करायचं? सासूबाईंनी चहा आणला होता. त्या हिरव्या पाण्याचा, कूलंटचा डबा आणला होता, पाइपचा तुकडा आणला होता, आणि मेरिमला आणलं होतं. आम्ही रस्त्याच्या कडेला बसून चहा प्यायलो. नंतर काकांना जवळ उभं करून त्यांनी ऑइलची पट्टी ओढायला लावली, पुसायला लावली, परत बुडवायला लावली. "बघा, कुठवर आलंय?" शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखे काका म्हणाले, "खालीच आहे, बाई."

मला त्यांनी बाजूला घेतलं. "माझं येणं वर्षातून एकदा होईल. मधल्या दिवसांत मेरिमकडे तुलाच बघायचंय. जेवते का, आवाज बदललाय का, गप्प झाली तर का झाली. बिघडल्यावर धावायचं नाही, आधी बघायचं. जमेल?"

मी मान हलवली.

तेवढ्यात काकांनी घसा साफ केला. केसांवरून हात फिरवला आणि आईला म्हणाले, "वहिनी, पिशवी उघडा. डूल इथेच घाला. आणि विहीणबाई, माझ्या मागच्या टायरमधली हवाही बघून ठेवा."

दोलोनच्या वाऱ्यात आईनं मेरिमचे केस मागे सारले, आणि डूल गेले कानांत. जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. काकांना वाटलं, गाडी रस्त्यातून बाजूला घ्या म्हणतायत. मेरिमला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी मेरिमच्या बाजूचा आहे, तेव्हापासून आजतागायत.

सासूबाई, निवृत्तीनंतर तुम्हाला भरपूर वेळ मिळणार, म्हणून नारिनमधल्या समस्त गाडीवाल्यांना माझी मनापासून सहानुभूती. मला इथे बोलू दिलंत म्हणून संयोजकांचा आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर घरचा माणूस समजून पोटात घाला. तोक्तोसून काका, तुम्ही तर घालाच, कारण परत जाताना मला तुमच्याच गाडीतून जायचंय.