आयडा आंटीच्या कपाटाचे पाय

उभ्या का मॅडम, बसा ना — नाही, त्या खुर्चीवर नको, ती बघायची खुर्ची आहे, पाठ टेकली की कुरकुरते. कपाटासमोर स्टूल आहे त्यावर बसा. तर काय म्हणत होता तुम्ही, मिड-सेंचुरी. हां, आमच्याकडे सगळं तेच आहे. परवापरवापर्यंत आम्ही याला जुना माल म्हणायचो. मग तुमच्यासारखी माणसं मोबाइलात फोटो घेऊन मरोळच्या या गल्लीत यायला लागली, गटार ओलांडून, साडी-पँट सांभाळत — तेव्हा आमच्या मिस्टरांनी, प्रितम नाव त्यांचं, बोर्ड बदलला. सामान तेच हो. पण नाव बदललं ना की लोक त्याच्यापुढे हळू बोलतात. काल एक साहेब टीपॉयवरून हात फिरवत होते, डोळे मिटून. आमच्या मिस्टरांनी लग्नात माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

ते? ते चारकोपला गेलेत, पाय आणायला. पाय म्हणजे — असंच, सामान. आज मीच आहे दुकानात, पहिल्यांदाच एकटी. तीन वाक्यं पाठ करून दिलीत मला. सागवान आहे, जुन्या घरातलं आहे, दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय. चौथं बोलू नको म्हणाले, सातवी शिकलेली तू, चौथं बोललीस की घोळ घालशील. आज एक तरी मोठी वस्तू गेली तर मी रोज दुकानात बसायचं असं ठरलंय, पोरगी माझ्या डोळ्यांसमोर राहील. नाही गेली तर सोमवारपासून समोरच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटायला, आणि ही शेजारच्या सोनूबाईंकडे. वाईट नाहीत त्या. पण जेवल्या की झोपतात. तीन वर्षांची पोर, झोपलेली बाई आणि जिन्याचं दार सताड उघडं — मला नुसतं सांगताना घाम फुटतो बघा. मित्रा, टेबलाखालून बाहेर ये, मावशीला जय भीम कर. लाजते. संघमित्रा नाव आहे, पण एवढ्या लांब नावाने हाक मारेपर्यंत ती कुठेतरी चढलेली असते.

हे आवडलं का, चार खणांचं? झकास आहे ना. सागवान आहे. जुन्या घरातलं आहे. आणि ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, देवाशप्पथ — म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण खरी आहेत. इथल्याच गावठाणातल्या आयडा आंटीचं. घर बिल्डिंगला गेलं, आंटी मुलाकडे वसईला. त्यांच्या लग्नातलं कपाट, वरच्या खणात क्रोशाचे रुमाल, खालच्यात नवऱ्याचे बँडचे कोट. साठ वर्षं भिंतीला पाठ लावून बसलेलं, म्हशीसारखं, हलायचं नाव नाही. पाय? हो, छानच आहेत पाय, तिरके, बारीक, तुमच्या फोटोतल्यासारखे. आंटीच्या वेळी कुठले पाय — असतील. बरं, नव्हते. जमिनीवर बसायचं ते. पण जमिनीवर बसलेलं कपाट कुणी घेईना मॅडम, तुम्हा लोकांना सामानाखालून झाडू गेलेला दिसायला पाहिजे. झाडू मारणारी तुम्ही नसता, ते वेगळं. मग मिस्टरांनी चारकोपच्या लेथवाल्याकडून पाय करून आणले आणि कडेपासून आत ओढून बसवले, बाहेर आले की म्हणे जड दिसतं. वाट लागली, मी चौथं बोलले ना.

चालेल तरी? बघा म्हणजे, तुम्ही किती चांगल्या. मोबाइलात दाखवा ना, कुठे ठेवणार. ही भिंत का — हा कसला रंग, टाकीतल्या शेवाळासारखा? मुद्दाम केलाय. छान. आणि हा कोण, बिनचड्डीचा? तुमचाच? श्रेयस. दीड वर्षाचा — चालतो? धरून धरून. कशाला धरून? नाही, सहज विचारलं. मॅडम, एक काम करा, कपाट न्या, पण मागून दोन पट्ट्या आणि चार स्क्रू देते, फुकट देते, भिंतीला आवळून टाका. ड्रिलवाला पण पाठवते. दहा मिनिटांचं काम.

भोक नको? कपाटाच्या मागे कोण बघायला येणार आहे हो भिंतीत. रंग खास माणसाकडून मारून घेतलाय, बरं. डिझायनर ओरडेल. भिंतीला भोक पडलेलं नको.

मित्रा, इकडे ये. केस वर कर. दाखव मावशीला. — चार टाके. याच कपाटाला जिना समजली ती. खालचा खण ओढला, त्यात पाय दिला, मग वरचा ओढला, आणि ते आलं की सगळंच्या सगळं पुढे. मी तिथे, पॉलिशच्या डब्यापाशी, चार पावलांवर. चार पावलं किती लांब असतात ते मला विचारा. तुम्ही बसलात ना ते स्टूल मध्ये होतं, कपाट त्याच्यावर अडकलं, म्हणून चार टाके. नाहीतर. मिस्टर म्हणाले पोरगी आगाऊ आहे. आयडा आंटीची पाच मुलं त्याच खणांवर चढून मोठी झाली, तेव्हा कोणी आगाऊ नव्हतं. कोपरा फुटला होता, तो भरून पॉलिश मारलंय — हा इथे, बोट फिरवा, कळत पण नाही.

नाही, भाव कमी करायला नाही सांगितलं मी हे. कमी नाही करणार. भोक मारणार का, एवढंच सांगा. तुमच्या मिस्टरांना विचारून? डिझायनरला विचारून. बरं. आणि तो म्हणाला दुसरा काहीतरी उपाय बघू, तर? तोवर श्रेयसला सांगाल का, थांब बाळा, उपाय येतोय?

नाही मॅडम, राहू दे. ते दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय. हो, आत्ताच आठवलं. पोळ्या काय, येतात मला, चांगल्या येतात, तुमच्यासारख्यांच्याच टॉवरमध्ये लाटेन. पर्स घ्या तुमची. स्टूल मात्र होतं तिथेच ठेवा, कपाटाच्या पुढ्यात — नाही, अजून जरा आत, हां. आणि निघा आता. ते पाय घेऊन येतील एवढ्यात.